आडवं पडून निवडलेला टीव्ही

जेलरोडला आम्ही ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो, त्या घराच्या मालकीणबाईंनी आयुष्यात एकही वस्तू उभ्या उभ्या विकत घेतली नव्हती. खुर्ची घ्यायची तर दुकानात तिच्यावर बसून अख्खा पेपर वाचून व्हायचा. कढई घ्यायची तर घरून उलथणं न्यायचं आणि रिकाम्या कढईत भाजी परतल्यासारखं फिरवून बघायचं. पलंग घेतला तेव्हा त्या दुकानातच त्यावर झोपल्या, आणि खरोखरच झोपल्या. दुकानदाराने बिचाऱ्याने पंखा लावून दिला. दुपार उलटल्यावर उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हा द्या." ही गोष्ट त्या स्वतःच सांगायच्या. सांगताना आपण काही गमतीचं बोलतोय असं त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही.

आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. त्या मात्र कुणालाच नावाने हाक मारत नसत. मी 'वरची', माझा नवरा 'वरचा'. समोरच्या बंगल्यातले निवृत्त मुख्याध्यापक 'समोरचे'. सकाळी हातगाडीवर भाजी आणणारा तो 'सकाळचा', आणि एखाद्या दिवशी त्याच्याऐवजी त्याची बायको आली तर ती 'सकाळची'. आमची मुलगी मुक्ता तेव्हा दुसरीत होती. ती 'बारकी'. मुक्ताला हे नाव अजिबात आवडायचं नाही आणि मावशींनी ते कधी बदललं नाही.

मावशींची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली होती, स्टोअर्समध्ये. ट्रकमधून आलेला माल उतरवून घ्यायचा, नमुन्याशी ताडून बघायचा, पटला नाही तर आल्या पावली परत पाठवायचा. निवृत्त झाल्यावरही हे काम त्यांनी सोडलं नव्हतं. आता ट्रकऐवजी सगळं जग त्यांच्या फाटकाशी येऊन थांबायचं, एवढाच फरक. त्या एकट्या राहायच्या. एकदा धीर करून मी त्यांच्या लग्नाचं विचारलं. तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "सँपल चांगलं होतं गं. माल खराब निघाला. दिला पाठवून."

माझा नवराही वीज केंद्रातच, शिफ्ट ड्यूटीला. त्या ओळखीवर आम्ही खोल्या बघायला गेलो होतो. मावशींनी ना पगार विचारला ना गाव. किल्ली दिली आणि म्हणाल्या, "वर जावा. तासभर थांबा. मग खाली येऊन मला सांगा, काय काय वाईट हाय." आम्ही एकमेकांकडे बघितलं. नवरा जिन्यात मला म्हणाला, "परीक्षा दिसतेय, छान छान म्हणू." मला का कोण जाणे तसं म्हणवेना. खाली येऊन मी सांगितलं, स्वयंपाकघराची खिडकी लागत नाही, मोरीचा उतार उलटा आहे, आणि दुपारी बेडरूम तापत असणार. मावशींचा चेहरा खुलला. "सगळं छान हाय म्हणणाऱ्याला मी खोली देत नाय. तो पुढं भांडतो." आणि लगेच चहा टाकला. मोरीचा उतार मात्र आम्ही घर सोडेपर्यंत उलटाच होता.

त्या वर्षांत लोडशेडिंग फार असायचं. लाइट गेली की सगळी कॉलनी वैतागायची, मावशी मात्र शरमायच्या. जणू चूल त्यांनीच विझवली. अंगणात येऊन एकलहऱ्याच्या धुराड्यांच्या दिशेने बघत राहायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला समजूत घालायच्या, "येईल, येईल. कामं चालू असतील." समोरचे मुख्याध्यापक मुद्दाम फाटकापाशी येऊन म्हणायचे, "काय हो बाई, तुमच्या एकलहऱ्याला काय झालं?"  लाइट आली की मावशी रस्ता ओलांडून त्यांच्या दारात जायच्या. "आली का?" एवढंच विचारून परत यायच्या.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास मुक्ता शाळेजवळच्या पेरूच्या झाडावरून पडली आणि तिच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं. कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर. दोन-अडीच महिने तरी उताणं पडून राहायचं, डोक्याखाली एकच पातळ उशी. पडण्याआधीची मुक्ता म्हणजे घरात कधी सापडत नाही अशी मुलगी. आता ती हलायचीही नाही. जरा सरकायला मी, पाणी प्यायला मी, पांघरूण सरकलं तरी मी. पहिला आठवडा ती रडली. दुसऱ्या आठवड्यात रडणं थांबलं, आणि त्याची मला जास्त भीती वाटायला लागली. काही विचारलं की "हं" म्हणायची. शाळेतल्या मैत्रिणी एकदा येऊन गेल्या, प्लास्टरवर फुलं काढून गेल्या, मग त्यांचंही येणं कमी झालं.

माझी नोकरी पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये, ऑफिसात. जानेवारीपासून पुढे द्राक्षांचा हंगाम, कंटेनर भरायची घाई, त्या दिवसांत रजा मागायचीही सोय नसते. तरी मी पंधरा दिवस घेतली. ती संपत आली तेव्हा मावशी वर आल्या, मुक्ताच्या खोलीत गेल्या, आणि तिच्या शेजारी पलंगावर उताण्या झोपल्या. मी दारातून बघत होते. दोघी छताकडे तोंड करून पडलेल्या. बऱ्याच वेळाने मावशी म्हणाल्या, "पंख्याचं एक पातं वाकडं हाय."

"खिडकीकडचं," मुक्ता म्हणाली. बऱ्याच दिवसांत ती आपणहून बोललेला तो पहिला शब्द.

मावशी उठल्या आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "पोरगी दिवसभर पंखा बघती. तिला टीव्ही घे."

माझा साफ विरोध होता. लहान मुलाच्या खोलीत टीव्ही नको, हे मी तिच्या जन्माआधीपासून ठरवलेलं. एकदा सवय लागली की सुटत नाही, डोळे जातात, अभ्यास जातो, असं बरंच काही मी बोलले. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"केबल नको घेऊ," त्या म्हणाल्या. "केबल म्हणजे नळ. सोडला की वाहतच राहतो. डिस्कवाला घे. डिस्क म्हणजे हंडा. संपला की संपला. टीव्हीच्या पोटातच डिस्क जाती, तसला मिळतो."

"तुम्हाला काय माहीत मावशी, मिळतो की नाही?"

"मिळणार नाय तर आपण परत येऊ."

पुढच्या रविवारी माझी आई मुक्ताजवळ बसली, आणि मी, नवरा आणि मावशी रिक्षाने शालिमारला एका टीव्ही-फ्रीजच्या दुकानात गेलो. दुकान मोठं होतं. आत शिरल्याबरोबर भिंतभर सपाट टीव्ही, सगळ्यांवर एकच निळा समुद्र आणि एकच मासा. टाय लावलेला एक तरुण सेल्समन पुढे आला आणि नवऱ्याला बत्तीस इंचांची महती सांगायला लागला. नवरा लगेच विरघळला. "नंतर हॉलमध्येही लावता येईल," तो माझ्या कानात म्हणाला.

मावशी दोघांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "वस्तू कोणासाठी हाय?"

"मुक्तासाठी," नवरा म्हणाला.

"मग हॉल कुठनं आला?"

सेल्समन हसला. त्याने आम्हाला लहान टीव्हींच्या रांगेकडे नेलं. त्यात एक सपाट, डिस्क आत जाणारा होताही. कडेला बारीक फट होती, तिच्यात डिस्क सरकवायची. त्याने त्यावर एक गाणं लावलं. चित्र झकास होतं. मला वाटलं, झालं, पाच मिनिटांत काम झालं.

मावशींनी इकडेतिकडे बघितलं. कोपऱ्यात फ्रीजच्या खोक्याचा उलगडलेला पुठ्ठा पडला होता, तो ओढत आणला, टीव्हीपुढे फरशीवर अंथरला, हातातली पिशवी उशाला घेतली, पदर खोचला आणि आडव्या झाल्या.

"अहो मावशी!" सेल्समन घाबरला. "चक्कर आली का? पाणी आणू?"

"बाजूला हो. दिसंना मला."

दुकानातली माणसं बघायला लागली. मला तर तिथल्या तिथे वॉशिंग मशीनमध्ये जाऊन बसावंसं वाटलं. मावशी डोळे बारीक करून वर टीव्हीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "ह्या बाईचं तोंड काळं दिसतंय. अन् केस पांढरे."

"मावशी, टीव्ही असा झोपून कुणी बघत नाही," सेल्समन म्हणाला. "समोर बसा, एकदम क्लिअर."

"आमची बारकी बघणार हाय," मावशी जमिनीवरून म्हणाल्या. "तिचा पाय मोडलाय. बसता येत नाय तिला."

 सेल्समनने एकदा माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्याने टाय शर्टच्या दोन बटणांमध्ये खोचला आणि मावशींच्या शेजारी फरशीवर झोपला.

"अरेच्चा," तो म्हणाला. "खरंच की."

मग नवरा झोपला. त्याचं बघून, फ्रीज घ्यायला आलेलं ओझरचं एक नवीन जोडपं होतं, त्यातला नवरा "बघू, बघू" करत आडवा झाला आणि बायकोलाही बोलवायला लागला. ती लाजली, पण शेवटी पुठ्ठ्याच्या टोकाला टेकलीच. काय गडबड म्हणून काचेच्या केबिनमधून मॅनेजर बाहेर आले. आपला माणूस गिऱ्हाइकांसोबत रांगेत झोपलेला बघून ते दारातच थबकले. सेल्समन खालूनच म्हणाला, "सर, खालून बघितलं की पिक्चर निगेटिव्ह होतंय." मॅनेजर पोटाने जरा मोठे होते. ते गुडघ्यावर बसले, मग कोपरावर आले, मग झोपले. त्या सगळ्या दुकानात उभी अशी मी एकटी, सगळ्यांच्या पिशव्या धरून. मला हसू आवरेना. मुक्ता पडल्यापासून मी हसले नव्हते हे मला तेव्हा, हसता हसता, कळलं.

मग त्या पलटणीने रांगेतले सगळे टीव्ही झोपून तपासले. सेल्समन उठून चालू करायचा आणि धावत येऊन पुन्हा आपल्या जागेवर पडायचा. एकात माणसं हिरवी दिसली, एकात अर्धं चित्र गायब. ओझरची नवरी आता सगळ्यांत मोठ्याने निकाल देत होती, "हा नको! हा पण नको!" शेवटी मॅनेजरांनाच आठवलं. आतल्या गोदामात एक जुनं मॉडेल पडून होतं. पोट असलेला, काचेच्या नळीचा, चौदा इंची टीव्ही, भडक लाल रंगाचा, आणि पडद्याखाली डिस्कचा कप्पा.

"पण तो डबा आहे हो," मॅनेजर म्हणाले. "आता कोण घेत नाही असले. मी तुम्हाला सजेस्ट करणार नाही."

तो डबा आला, पुसला, लावला. मावशी पुन्हा आडव्या झाल्या. समोरून, खालून, कडेवरून, कुठूनही बाईचं तोंड बाईसारखंच दिसत होतं. नवऱ्याने शेवटचा प्रयत्न केला: साधा टीव्ही घेऊ, वेगळा डीव्हीडी प्लेअर घेऊ, उद्या एक बिघडला तर दुसरा राहील. मावशी म्हणाल्या, "दोन वस्तू, दोन रिमोट, अन् पलंगाखाली वायरींचा गुंता. अन् प्लेअर ठेवणार कुठं? पोरीचा हात पोचला पाहिजे." त्यांनी टीव्ही एका स्टुलावर ठेवायला लावला, स्टूल जवळ ओढायला लावलं, आणि पडल्या पडल्या डावा हात लांब केला. बटण दाबलं. कप्पा घुर्र करत बाहेर आला. त्यांनी डिस्क काढली, परत ठेवली, आत ढकलली.

"हिला दिवसभर सगळं दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतं," त्या उठत मला म्हणाल्या, अगदी हळू. "एवढं तरी तिचं ती करंल."

परत येताना रिक्षात तो लाल डबा मावशींच्या मांडीवर होता. मी बाहेर बघत होते, कारण डोळे पुसायचे होते.

घरी स्टूल पलंगाच्या डाव्या बाजूला लागलं. मुक्ताने बटण दाबलं, कप्पा बाहेर आला, आणि ती ओरडली, "आई, याने जीभ दाखवली!" पुन्हा दाबलं, जीभ आत. पुन्हा बाहेर. मी डिस्क ठेवायला पुढे झाले तर म्हणाली, "मी लावते. तुम्ही सगळे बाहेर जा." आम्ही चौघं मोठी माणसं दाराबाहेर कान देऊन उभी. आत घुर्र झालं, खट्ट झालं, आणि संगीत सुरू झालं. माझ्या आईने मावशींचा हात धरला तो सोडेचना.

मी कामावर जायला लागले, दिवसा मावशी मुक्ताजवळ थांबायला लागल्या आणि दुपारी तिच्या खोलीचं थिएटर झालं. गल्लीच्या टोकाला डिस्क भाड्याने देणारं एक दुकान होतं. मावशी रोज तिथून एक आणायच्या, अर्थातच तिथे उभं राहून थोडी चालवून बघितल्याशिवाय नाही. कार्टून, जंगलातली जनावरं, जुने मराठी विनोदी सिनेमे, काहीही. अट एकच. शेवट दुःखाचा असेल तर मावशी तो येऊ द्यायच्या नाहीत. त्यांना वास यायचा. कुत्रं लंगडायला लागलं किंवा आजोबा खोकले, की त्या हात लांब करून बटण दाबायच्या. टीव्ही जीभ बाहेर काढायचा आणि मावशी डिस्क खिशात टाकल्यासारखी पदराआड ठेवून सांगायच्या, "म्हातारा बरा होतो. गावाला जातो. तिथं त्याला ते कुत्रं भेटतं. मग दोघं आमच्या सायखेड्याला येतात, नदीवर."

"सायखेड्याला कसं येतील? ते अमेरिकेत आहेत!"

"विमानानं. ओझरला उतरतात."

मुक्ता चिडायची, हसायची, मग त्या शेवटात स्वतःची भर घालायची. एकदा तिची वर्गमैत्रीण भेटायला आली आणि दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. मैत्रीण म्हणे ते कुत्रं मरतं, मी टॉकीजमध्ये बघितलंय. मुक्ता म्हणे, खोटं, ते सायखेड्याला असतं. मी संध्याकाळी आल्यावर दोघींनी मला न्याय करायला सांगितला. मी सरळ खाली बोट दाखवलं. मैत्रीण मावशींकडे जाऊन आली आणि तोंड बारीक करून म्हणाली, "असतं म्हणे." त्यानंतर ती रोज यायला लागली.

मावशी आता सायखेड्यालाच असतात, भावाच्या घरी. मागच्या महिन्यात आम्ही भेटायला गेलो होतो. मुक्ता गाडी चालवत होती. तिचं कॉलेजही आता संपत आलंय. मावशींना ऐकू कमी यायला लागलंय म्हणून भाच्याने कानाचं मशीन आणलं होतं. अजून घेतलं नाही, ट्रायल चालू आहे, असं त्यांनी सांगितलं. त्यासाठी त्या गावातल्या एका वरातीत बँडच्या अगदी पुढे चालून आल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नदीकाठी जाऊन पाण्याचा आवाज ऐकून आल्या होत्या. "बँड लय झकास ऐकू येतो," त्या म्हणाल्या. "नदी नाय येत. बदलून आण म्हणलं." मुक्ता त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "मावशी, मशीन कोणासाठी हाय? तुम्ही रोज बँड ऐकणार का नदी?" मावशींनी तिच्याकडे असं काही बघितलं की मला वाटलं, आता घरादाराची किल्ली हिच्या हातात देतात.

पण तो लाल टीव्ही मुक्ताच्या खोलीत शेवटपर्यंत राहिला नाही, तेही सांगायला हवं.

एप्रिलमध्ये प्लास्टर निघालं. हाड छान जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता उभं करा, धरून चालवा, आठ-पंधरा दिवसांत पळायला लागेल. आम्ही पेढे आणले. मुक्ताने मात्र पाय जमिनीला लावायचं नाव घेतलं नाही. तो पाय बारीक झाला होता, साल गेल्यासारखा पांढरट. ती त्याच्याकडे बघायचीही नाही. उभं केलं की किंचाळायची, "मोडेल, मोडेल!" व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताई म्हणाल्या, पाय ठीक आहे, भीती बसलीय. तिला स्वतःला उठावंसं वाटायला हवं. पण उठावंसं का वाटेल? पलंग होता, शेजारी टीव्ही होता, हात लांब केला की जीभ बाहेर. मे उजाडला तरी ती पलंगावरच. पाय असाच राहिला तर आखडेल, असं डॉक्टर आता जरा वेगळ्या आवाजात म्हणाले. माझी झोप उडाली. मी समजावलं, रागावले, नवी सायकल कबूल केली. काही उपयोग झाला नाही.

एका संध्याकाळी कामावरून आले तर मुक्ता हुंदके देत होती आणि स्टूल रिकामं होतं.

"मावशीने नेला! माझा टीव्ही नेला!"

मी तशीच खाली गेले. मावशींच्या पुढच्या खोलीत टेबलावर तो लाल डबा चालू होता आणि मावशी समोर बसून शेंगा सोलत होत्या.

"मावशी, हे काय? ती रडतेय वर."

"रडू दे. टीव्ही माझ्याकडं राहील. बघायचाय तर खाली यायचं."

"तिला चालता येत नाही अजून!"

"येतं. चालत नाय ती."

"तुम्हाला मूल असतं तर कळलं असतं," असं मी बोलून गेले. मावशींनी शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. "असंल," त्या म्हणाल्या. "पण टीव्ही हितंच राहील."

मी रागाने वर आले. एवढा जड डबा मावशींना एकटीला जिना उतरून नेता येणं शक्य नाही, हे माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी आलं. नवऱ्याची आदल्या दिवशी सकाळची शिफ्ट होती आणि तो दुपारीच घरी आला होता. मी विचारलं तेव्हा तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला.

पुढचे दोन-तीन दिवस दुपारी सुरू झालेला टीव्हीचा आवाज मी कामावरून आले तरी खालून येतच असायचा, पूर्ण मोठा. मुक्ताचीच आवडती डिस्क, ते उंदीर-मांजराचं. आणि त्याच्या वरताण मावशींचं हसणं. पण त्या हसायच्या भलत्याच जागी. मांजर नुसतं चालत असायचं तेव्हा त्या खो खो हसायच्या, आणि खरी गंमत यायची तेव्हा गप्प. मुक्ताला ती डिस्क पाठ होती. ती पलंगावर तळमळायची. "आई, तिथे हसायचं नसतं! अजून तो दगड पडला पण नाही!" मग ती खिडकीकडे तोंड करून ओरडायची, "मावशी, आत्ता नाही! आत्ता नाही हसायचं!" खालून उत्तर यायचं, "काय म्हणती? ऐकू येत नाय!" आणि पुन्हा भलत्या जागी खो खो.

बुद्धपौर्णिमेला मला सुट्टी होती. मावशींनी खिरीचं पातेलं वर पाठवलं; टीव्ही पाठवला नाही. दुपारी मी स्वयंपाकघरात होते. खाली डिस्क सुरू झाली, मावशी हसायला लागल्या. मुक्ताने दोन हाका मारल्या, मग तिचा आवाज बंद झाला. मी डोकावले तर पलंग रिकामा.  जिन्याकडे धावले.

ती जिन्यात होती. पायऱ्यांवर बसून, हात टेकत, एकेक पायरी खाली घसरत होती. तोंडाने सारखं पुटपुटत होती, "इथे नसतं हसायचं, इथे नसतं." मी पुढे होणार तेवढ्यात नवऱ्याने मागून माझा दंड धरला. 

शेवटच्या पायरीवर ती थांबली. पुढे अंगण. फरशी उन्हात तापलेली, धरायला भिंत नाही, कठडा नाही, आणि पलीकडे मावशींचं उघडं दार. ती बसून राहिली. दारातून टीव्हीचा आवाज येत होता. मावशी दिसत होत्या, पाठमोऱ्या. त्यांनी वळून बघितलं नाही. दगड पडायचा क्षण आला, पडला, आणि मावशी हसल्याच नाहीत. उलट मोठा उसासा टाकून म्हणाल्या, "अरेरे! बिचारं मांजर!"

मुक्ताने जिन्याचा खांब धरला आणि उभी राहिली. खांब सोडला. "अगं मावशी, रडायचं नसतं तिथे!" असं ओरडत, एक पाय आपटत आणि एक ओढत, हात पसरून, ती अंगण ओलांडून आत गेली.

मी जिन्यातच खाली बसले. आतून मुक्ताचा तावातावाने बोलण्याचा आवाज येत होता. कुठे हसायचं आणि कुठे नाही, ती मावशींना पहिल्यापासून समजावत होती. मावशी म्हणत होत्या, "असं होय? मागं घे बरं. परत दाव." थोड्या वेळाने पाय धुवायच्या निमित्ताने त्या बाहेर मोरीवर आल्या. मला बघितलं. त्यांचं तोंड सगळं ओलं होतं आणि त्यांनी अजून नळ सोडलाही नव्हता. मी बोललेल्या शब्दांची माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी नळाखाली हात धरला आणि तो असा काही झटकला की चार थेंब माझ्या अंगावर उडाले, आणि आत निघून गेल्या.

ऊन उतरल्यावर मी मुक्ताला उचलून आणायला गेले. ती मावशींच्या मांडीला टेकून बसली होती, खिरीची वाटी हातात, पाय समोर लांब. मला बघून कपाळाला आठी घातली. "आई, तू जा. पिक्चर संपल्यावर येते मी."

मी वर आले. तिच्या खोलीत गेले. चार महिन्यांत पहिल्यांदाच तो रिकामा पलंग निवांत माझ्या हाती आला होता. तिला जरासं उचलून, एका बाजूला सरकवून, ओढून-ताणून मी रोज ती चादर बदलायची. आज चारही कोपरे एकदम धरून काढली. नवी झटकली तेव्हा ती हवेत फुगली आणि सरळ, एकही सुरकुती न पडता, गादीवर बसली. मी कडा आत खोचत असताना खालून मावशींच्या दाराची कडी वाजली, आणि मग जिन्यातून आवाज यायला लागला. एक पाऊल टेकल्याचा, एक ओढल्याचा. मध्ये बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा टेकल्याचा.

मी हातातली कडा तशीच धरून उभी राहिले आणि दाराकडे गेले नाही.